विमा असला म्हणून दवाखाना जवळ येत नाही

प्रश्न दोन भावांनी मिळून विचारलाय. दोघंही नोकरीनिमित्त पुण्यात, आईवडील खानापूर तालुक्यातल्या गावी. वडील ६८ वर्षांचे, शुगरचे पेशंट, आईला बीपी. धाकट्याचं म्हणणं, दवाखान्याचा खर्च सगळ्यांसाठी सरकारनेच उचलायला हवा, विमा कंपन्यांच्या दारात जायचंच कशाला? थोरला म्हणतो, सरकारी दवाखान्याच्या भरवशावर कोण बसतं, चांगली खासगी पॉलिसी काढू आणि मोकळे होऊ. बरोबर कोण, आणि आईवडिलांसाठी आज नेमकं काय करायचं, हे त्यांना हवंय.

माझं मत आधी सांगतो. तत्त्वाने धाकटा बरोबर आहे. करातून चालणारी, सगळ्यांना खुली आणि घराजवळची आरोग्यसेवा ही पहिली गरज. खासगी पॉलिसी तिच्यानंतर येते. पण तशी सेवा उभी राहीपर्यंत आईवडिलांचं आजारपण थांबणार नाही, म्हणून थोरल्याचंही अर्धं ऐकावं लागेल. मी उमेदीची काही वर्षं सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात काढली आणि आता बेळगावात फिजिशियन म्हणून खासगी प्रॅक्टिस करतो. सरकारी आयुष्मान कार्डवाले, सहकारी सोसायट्यांच्या यशस्विनी योजनेवाले, ईएसआय म्हणजे कामगार विमावाले, कंपनीची पॉलिसी असलेले आणि म्हैस विकून रोख पैसे घेऊन आलेले, सगळे माझ्यासमोर बसतात. या वादात दोन्ही बाजू एक गोष्ट धरून चालतात, की बिल कोण भरणार हे ठरलं की प्रश्न मिटला. आमच्या भागात तो तिथे मिटत नाही.

खानापूर तालुक्याचाच पश्चिम भाग घ्या. भीमगडच्या जंगलात आमगाव, गवाळी अशी गावं आहेत. पावसाळ्यात ओढे भरले की १०८ची गाडी गावापर्यंत जात नाही. पेशंटला लाकडाच्या डोलीत घालून, खांद्यावरून, चिखल तुडवत रस्त्यापर्यंत आणावं लागतं. त्याच्या घरात पाच लाखांचं सरकारी कार्ड असो की दहा लाखांची पॉलिसी, त्या वाटेवर दोन्हींचा उपयोग शून्य. सरकारी निकष सांगतो, सपाट भागात ३०,००० आणि डोंगराळ भागात २०,००० लोकवस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. इमारती बहुतेक ठिकाणी उभ्या आहेत. प्रश्न आतल्या माणसांचा असतो: डॉक्टर राहतो का, नर्सबाई रात्री असते का, रक्त तपासणारा माणूस नेमलाय का, सापाच्या विषावरचं औषध फ्रिजमध्ये आहे का. हा खर्च कुठलीच विमा कंपनी करत नाही, कारण तो तिचा धंदाच नाही. तो सरकारनेच करायचा असतो.

हार्ट ॲटॅकचं उदाहरण मी मुद्दाम देतो, कारण सगळा वाद त्यात दिसतो. हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की स्नायू मरायला सुरुवात होते. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या काही तासांत मिळालं तर माणूस वाचतो आणि नंतर कामावरही परत जातो. पूर्वी आमच्याकडे काय व्हायचं? छातीत दुखायला लागलं की ‘पित्त झालंय’ म्हणून घरी सोडा पाजायचा, मग गावातल्या डॉक्टरकडे, मग गाडी शोधायची, मग बेळगाव. तोवर चार-सहा तास गेलेले. अभिनेते पुनीत राजकुमार २०२१ मध्ये हृदयविकाराने गेले, त्यांच्या नावाने कर्नाटक सरकारने हृदयज्योती योजना आणली. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ईसीजी काढायचा, तो लगेच हृदयरोगतज्ज्ञाला पाठवायचा, आणि त्याने सांगितलं की गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेसचं इंजेक्शन तिथेच द्यायचं, मोफत. बाजारात हे इंजेक्शन तीस-चाळीस हजारांच्या घरात जातं. ज्या तालुक्याच्या गावी हे नीट चालतं, तिथे शेतमजूर आणि बंगलेवाला या दोघांचाही जीव एकाच टेबलावर वाचतो. करातून चालणारी सेवा मी म्हणतो ती ही. त्यानंतर ॲन्जिओप्लास्टी लागली तर मोठ्या दवाखान्यात कार्ड किंवा पॉलिसी कामाला येते. पण ती वेळ येण्यासाठी आधी माणूस जिवंत राहायला हवा.

आता तुमच्या वडिलांची शुगर. थोरल्या भावाने हे नीट वाचावं. नेहमीची खासगी पॉलिसी दवाखान्यात ॲडमिट झाल्यावरचा खर्च देते. रोजच्या गोळ्या, तीन महिन्यांनी करायची रक्ताची तपासणी, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, पायाची काळजी, यातलं काही त्यात सहसा बसत नाही. सरकारी आयुष्मान कार्डही मुख्यतः ॲडमिशनसाठीच आहे. आणि आपल्याकडची घरं हळूहळू बसतात ती याच खर्चाने. देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून थेट जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आल्याचं सरकारी आकडे सांगतात. सुधारणा आहे, पण अजूनही तो वाटा मोठा आहे, आणि त्यात औषधांचा भाग सगळ्यात जड आहे.

याचा परिणाम मी रोज बघतो. महिन्याला सात-आठशेच्या गोळ्या. ऊस कारखान्याला गेल्यावर पैसे आले की दोन महिने नियमित, मग हात आखडला की ‘एक दिवसाआड घेतोय डॉक्टर, चालतंय न्हवं?’ चालत नाही. शुगर आणि बीपी दुखत नाहीत म्हणून गोळी आधी सुटते, आणि काही वर्षांनी तोच माणूस किडनी फेल होऊन किंवा अर्धांगवायूने येतो. मग सरकार किंवा विमा कंपनी लाखो रुपये भरायला तयार असते. ज्या माणसाला महिन्याच्या गोळ्यांना कुणी शंभर रुपये दिले नाहीत, त्याच्या आयसीयूला कुणीतरी तीन लाख देतं. यासारखा उफराटा हिशेब मी दुसरा पाहिला नाही, आणि त्यात जाणारी माणसं माझ्या ओळखीची असतात म्हणून मला ते सहन होत नाही.

मेटफॉर्मिन, अमलोडिपिन, टेल्मिसार्टन ही शुगर-बीपीची औषधं स्वस्त आहेत आणि सरकारी केंद्रात ती मोफत मिळायला हवीत. पुष्कळदा मिळतातही. अडचण सातत्याची आहे. एका महिन्यात साठा संपला आणि पेशंट रिकाम्या हाताने परत गेला, की पुढच्या महिन्यात तो एसटीचं भाडं खर्चून येतच नाही. तमिळनाडूने १९९५ पासून औषधखरेदीसाठी वेगळं महामंडळ चालवून दाखवलं की हा प्रश्न सुटतो. कर्नाटकातही आशाताई घरोघरी जाऊन बीपी-शुगरची माहिती घेतात, तपासणीच्या मोहिमा होतात. पण तपासून शुगर निघालेल्या माणसाला बारा महिने गोळी मिळाली नाही, तर त्या तपासणीने त्याला फक्त काळजी दिली.

कार्डाकडे येतो. कर्नाटकात केंद्राची आयुष्मान भारत योजना आणि राज्याची आरोग्य कर्नाटक योजना २०१८ मध्ये एकत्र केली गेली. सुवर्ण आरोग्य सुरक्षा ट्रस्ट ती चालवतो. तुमच्या आईवडिलांचं रेशन कार्ड बीपीएल (दारिद्र्यरेषेखालचं) असेल तर कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचा उपचार मोफत. एपीएल (दारिद्र्यरेषेवरचं) असेल तर सरकार पॅकेजच्या, म्हणजे उपचाराच्या ठरलेल्या दराच्या, ३० टक्के भार उचलतं, तोही वर्षाला दीड लाखाच्या मर्यादेत. बाकीचे ७० टक्के तुम्ही. ही एपीएलची गोष्ट लोकांना माहीत नसते. ‘कार्ड हाय की ओ आमचं’ म्हणून येतात आणि काउंटरवर कळतं की बहुतेक पैसे आपल्यालाच भरायचेत. म्हणून आज घरी फोन करून आधी रेशन कार्ड कुठलं आहे ते विचारा.

दुसरी गोष्ट रेफरलची. या योजनेत सुमारे १६५० उपचार आहेत. त्यातले साधे उपचार सरकारी दवाखान्यातच घ्यायचे. अवघड उपचारासाठी सरकारी दवाखान्याने ‘आमच्याकडे सोय नाही’ अशी चिठ्ठी दिली की मगच यादीतल्या खासगी रुग्णालयात जाता येतं. तातडीच्या प्रसंगी चिठ्ठी लागत नाही. लोक या चिठ्ठीला वैतागतात, आणि सिव्हिलच्या रांगेत अर्धा दिवस गेल्यावर वैताग येणारच. तरी मी या पद्धतीच्या बाजूने आहे. चिठ्ठी काढून टाकली तर सगळा पैसा मोठ्या खासगी रुग्णालयांकडे वाहील आणि तालुक्याचा दवाखाना आणखी ओस पडेल. रांग कमी करायची तर सिव्हिलला माणसं वाढवावीत.

कार्डाचा उपयोग होतो का? होतो, आणि याचा चांगला पुरावा आपल्याच राज्यात आहे. २०१० मध्ये कर्नाटकाने वाजपेयी आरोग्यश्री योजना आधी उत्तर भागात सुरू केली, बीपीएल कुटुंबांना हृदय, कॅन्सर, किडनी, मेंदू यांच्या मोठ्या उपचारांसाठी. दक्षिणेत ती नंतर गेली. त्यामुळे योजना लागू असलेली आणि नसलेली गावं हद्दीच्या दोन बाजूंना एकमेकांजवळ होती, आणि अभ्यासकांना तुलना करता आली. २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तो अभ्यास आला. योजनेत बसणाऱ्या आजारांनी होणारे गरिबांचे मृत्यू योजना असलेल्या गावांत ६४ टक्क्यांनी कमी दिसले. त्या योजनेतली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते: रुग्णालयांनी गावात येऊन शिबिरं घ्यायची होती. माणूस आजार घेऊन दारात येईल याची वाट बघायची नव्हती. सरकारी पैशाने गरिबाचं काही होत नाही असं म्हणणाऱ्यांना मी हा अभ्यास दाखवतो.

तरीही कार्डाची दुसरी बाजू आहे, ती लपवणार नाही. यादीतली काही खासगी रुग्णालयं ‘या आजारासाठी आमच्याकडे कार्ड चालत नाही’ म्हणतात, किंवा कार्डावर घेतात आणि बाजूला ‘इम्प्लांटचे वेगळे’, ‘औषधांचे वेगळे’ म्हणून पैसे मागतात. माझ्या एका पेशंटच्या मुलाने कार्डावरच्या ऑपरेशनसाठी सोसायटीचं कर्ज काढलं. ऑपरेशन मोफत असायला हवं होतं हे त्याला डिस्चार्जनंतर कळलं. दवाखान्यांचंही म्हणणं असतं, पॅकेजचे दर परवडत नाहीत, ट्रस्टकडून पैसे उशिरा येतात. ते काही अंशी खरं आहे, आणि सरकारने दर आणि वेळ दोन्ही सुधारायला हवं. पण त्याची भरपाई गरिबाच्या खिशातून करणं हा गुन्हा आहे, मी सौम्य शब्द वापरणार नाही. असं झालं तर पावती मागा, १०४ या आरोग्य हेल्पलाइनच्या किंवा आयुष्मानच्या १४५५५ या नंबरवर तक्रार नोंदवा. खासगी दवाखान्यांवरच्या कर्नाटकाच्या कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती झाली. त्या वेळी अधिवेशन बेळगावात, आणि राज्यभरातले डॉक्टर विधेयकाच्या विरोधात इथे सुवर्णसौध या विधिमंडळाच्या इमारतीजवळ जमले होते, तुम्हाला आठवत असेल. कायदा काही तडजोडींनंतर झाला. त्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली तक्रार समिती असते, आणि बिल थकलं म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही. मी स्वतः खासगी डॉक्टर असून या कायद्याच्या बाजूने आहे. त्याचा वापर मात्र फार कमी लोक करतात.

सीमाभागाचं दुखणं वेगळंच आहे. इथल्या माणसाचा दवाखान्याचा रस्ता राज्याची हद्द बघून ठरत नाही. निपाणीकराला बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ. कागवाड-अथणीचा माणूस मिरजेला जातो, डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये तिथे मिशन हॉस्पिटल सुरू केल्यापासूनची ती वाट आहे. लोंढा-खानापूरची माणसं बांबोळीला, गोव्याच्या मेडिकल कॉलेजात जातात. तिथे २०१८ पासून गोव्याबाहेरच्यांना शुल्क आहे. चंदगडची माणसं उलट बेळगावात येतात. नातीगोती, भाषा, एसटीच्या गाड्या सगळं हद्द ओलांडून जातं, फक्त कार्ड हद्दीवर अडतं. केंद्राच्या मूळ यादीत नाव असलेल्या कुटुंबाला देशभर कुठेही आयुष्मान चालतं. राज्याने स्वतःच्या पैशातून जी कुटुंबं जोडली, त्यांना राज्याबाहेर ते चालेलच असं नाही. हा फरक कार्डाकडे नुसतं बघून कळत नाही, म्हणून निपाणीसारख्या ठिकाणच्या लोकांनी तब्येत ठणठणीत असतानाच विचारून ठेवावं की आपलं कार्ड कोल्हापूर-मिरजेत कुठल्या दवाखान्यात घेतात.

२०२३ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्र सरकारने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली. कर्नाटक सरकारने कडाडून विरोध केला. सीमाप्रश्न सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून आहे, त्यावर माझं जे मत आहे ते इथे सांगायची गरज नाही. डॉक्टर म्हणून मला एवढंच दिसतं की दोन्ही सरकारांना याच माणसांच्या उपचारासाठी पैसे द्यायचे आहेत आणि तरी माणूस मध्ये लटकतो. महाराष्ट्र, कर्नाटक आणि गोवा यांनी हद्दीलगतच्या तालुक्यांपुरता करार करावा: कुठल्याही राज्याचं कार्ड यादीतल्या कुठल्याही दवाखान्यात चालेल, पैशांचा हिशेब सरकारं आपापसात करतील. याने कुणाच्या दाव्याला धक्का लागत नाही.

भाषेचंही तसंच. योजनेचे फॉर्म कन्नडमध्ये, ऑपरेशनचं संमतीपत्र कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत. येळ्ळूर-उचगावची म्हातारी माणसं सही करतात, कशावर ते त्यांना वाचता येत नाही. पेशंटला समजेल अशा भाषेत माहिती मिळणं हा राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्क सनदेतला हक्क आहे. बेळगावच्या दवाखान्यांतल्या कितीतरी कन्नड नर्सबाई पेशंटशी आवर्जून मराठीत बोलतात. माणसं एकमेकांना सांभाळून घेतात. कागदांनी तेवढं शिकायला हवं.

आता खासगी पॉलिसी. ६८व्या वर्षी ती मिळते का? मिळू शकते. नवीन पॉलिसीसाठीची ६५ वर्षांची जुनी अट विमा नियामकाने २०२४ मध्ये काढली, पण मान्य करायचं की नाही आणि किती पैशांत, हे कंपनी ठरवते. शुगर आहे म्हटल्यावर प्रीमियम वाढेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, तेवढाच दिलासा. आधीपासूनच्या आजारासाठी थांबण्याचा काळ जास्तीत जास्त तीन वर्षं असतो, पूर्वी चार होता. मोतीबिंदू, हर्निया, गुडघ्याची वाटी अशा ठरावीक ऑपरेशनांना बहुतेक पॉलिसींत दोन वर्षं थांबावं लागतं. म्हणजे वडिलांसाठी आज काढलेली पॉलिसी शुगरशी जोडलेल्या आजाराला ते एकाहत्तर वर्षांचे झाल्यावर पूर्ण उपयोगी पडेल. आणि एजंट काहीही सांगो, शुगर लपवू नका. ‘फॉर्ममध्ये नो लिहा, नंतर बघू’ हे ऐकून फसलेली माणसं मी पाहिली आहेत. क्लेमच्या वेळी आमच्याच जुन्या चिठ्ठ्या मागवल्या जातात आणि त्यावर तारखेसकट ‘डायबेटिस’ लिहिलेलं असतं. सलग पाच वर्षं पॉलिसी चालल्यावर कंपनीला माहिती लपवल्याचं कारण देऊन क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध केली तरच येतो. पण पाच वर्षं आजार थांबत नसतो.

खोलीच्या भाड्याची अट बहुतेकांना डिस्चार्जच्या दिवशी कळते. आरोग्य संजीवनी नावाची प्रमाणित पॉलिसी २०२० पासून सगळ्या कंपन्या विकतात. तिच्यात खोलीचं भाडं विमा रकमेच्या २ टक्के, जास्तीत जास्त दिवसाला ५,००० रुपये. आयसीयू ५ टक्के, जास्तीत जास्त १०,०००. शिवाय प्रत्येक क्लेमचे ५ टक्के तुमचे. समजा तुम्ही आईला दिवसाला १०,००० च्या खोलीत ठेवलंत. तुम्हाला वाटेल, वरचे पाच हजार आपण भरू. तसं होत नाही. भाड्याच्या प्रमाणात डॉक्टरची फी, ऑपरेशन थिएटरचा खर्च असं बाकीचं बिलही निम्म्याने कापलं जातं. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कात्री लावायची नाही असा नियम आहे, ते बिलात तपासून घ्या. आणखी एक: काही पॉलिसींचे दर शहरांच्या गटाप्रमाणे असतात. गावच्या पत्त्यावर स्वस्तात काढली आणि उपचार पुण्यात घेतले तर काही टक्के स्वतः भरावे लागतात. तुम्ही दोघं पुण्यात, म्हणजे वेळ आली की आईवडिलांना तिकडेच नेणार. हे कलम आधी वाचा. आणि कॅशलेसच्या यादीत बेळगावातली कुठली रुग्णालयं आहेत तेही. पुण्यातली पन्नास नावं असून रात्री दोन वाजता त्यांचा उपयोग नाही.

त्याआधी तुमच्या कंपन्यांच्या एचआरला विचारा, ग्रुप पॉलिसीत आईवडील घालता येतात का. बऱ्याच ग्रुप पॉलिसींत जुन्या आजाराला पहिल्या दिवसापासून संरक्षण असतं. तुमच्या घराला हा सगळ्यात चांगला रस्ता ठरेल. नोकरी गेली की ते जातं, एवढं ध्यानात ठेवून शेजारी एक छोटी स्वतंत्र पॉलिसी चालू ठेवा म्हणजे तिची थांबण्याची वर्षं सरत राहतील.

नोकरीशी बांधलेल्या संरक्षणाची हीच मेख आहे. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत काम करणाऱ्याला ईएसआय असतं: पगाराच्या पाऊण टक्का त्याचा, सव्वातीन टक्के मालकाचा. त्यात ओपीडी आहे, गोळ्या आहेत, घरच्यांचा उपचार आहे, आणि आजारपणात बुडालेल्या मजुरीचे ७० टक्केही मिळतात. यातलं बरंच काही महागड्या खासगी पॉलिसीतही मिळत नाही. ईएसआयच्या सेवेबद्दल तक्रारी आहेत, पण योजनेची आखणी अशी आहे की मी ती सगळ्यांना देईन. अडचण अशी, की पगार २१,००० च्या वर गेला की तो बाहेर पडतो, आणि कंत्राटावरचा माणूस कधी आतच येत नाही. निपाणीच्या बिडी कामगार बायकांसाठी बिडीवरच्या खास करातून कल्याणनिधी होता, त्यावर त्यांचे दवाखाने चालायचे. करांची रचना बदलली, जीएसटी आला, तो खास कर गेला. बायकांचा खोकला आहे तसाच आहे. वडगाव-खासबागच्या यंत्रमागावरच्या विणकराला तर कधी असं काही नव्हतंच.

सहकाराचा एक चांगला प्रयोग इथे झाला, तोही सांगतो. २००३ मध्ये यशस्विनी सुरू झाली. सहकारी सोसायटीच्या सभासद शेतकऱ्याने महिन्याला पाच रुपये भरायचे आणि ऑपरेशन मोफत. २०१८ मध्ये ती बंद करून मोठ्या योजनेत मिसळली, आणि लोकांची मागणी इतकी होती की २०२२-२३ मध्ये ती परत आणावी लागली. ग्रामीण भागात चार माणसांच्या कुटुंबाला वर्षाला ५०० रुपये, संरक्षण पाच लाख. रेशन कार्ड एपीएल निघालं आणि वडील सोसायटीचे सभासद असतील, तर नोंदणी कधी सुरू होते ते सेक्रेटरीला विचारून ठेवा. नोंदणीची मुदत ठरावीक असते आणि ती चुकली की वर्ष गेलं.

मग सगळ्यांनीच खासगी पॉलिसी घेतली तर? हा थोरल्या भावाचा खरा प्रश्न आहे. कंपनीचा धंदा ज्याला आजाराची शक्यता कमी त्याला घेण्यावर चालतो. म्हातारा, शुगरवाला, हातावर पोट असलेला तिला नकोसाच असणार. यात कुणाचा दुष्टावा नाही, हिशेबच तसा आहे. अमेरिकेने याच रस्त्याने जाऊन बघितलं: देशाच्या उत्पन्नाचा सहावा हिस्सा आरोग्यावर जातो आणि तरी कोट्यवधी माणसं विम्याविना आहेत. थायलंड आपल्यासारखाच शेतकऱ्यांचा देश. त्यांनी आधी वर्षानुवर्षं जिल्ह्या-तालुक्यांचे दवाखाने बांधले, तरुण डॉक्टरांना खेड्यात काम करणं सक्तीचं केलं, आणि मग २००२ मध्ये ३० बाट भरा आणि उपचार घ्या अशी योजना सगळ्यांना लागू केली. आधी दवाखाना, मग कार्ड, हा क्रम महत्त्वाचा. आपण कार्ड आधी वाटलं. आपल्याकडे १९४६ मध्येच भोर समितीने सांगितलं होतं की पैसे नाहीत म्हणून कुणाचा उपचार अडू नये. २०१७ च्या राष्ट्रीय धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च उत्पन्नाच्या २.५ टक्के करायचं ठरवलं. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता.

आणि एक गोष्ट तुमच्यासारख्या शिकलेल्या, नोकरदार घरांना कळकळीने सांगायची आहे. पॉलिसी हातात आली की सरकारी दवाखान्याशी आपला संबंध संपला असं समजू नका. ज्या दवाखान्यात मास्तर, बँकवाले, पंचायतीतली माणसं जात नाहीत, तिथली रिकामी जागा भरण्यासाठी कुणी भांडत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राला आरोग्य रक्षा समिती असते, तिच्यात गावची माणसं असतात. गणपतीला गावी जाल तेव्हा तिथे जाऊन विचारा, बीपी-शुगरच्या गोळ्यांचा साठा किती महिने कमी पडला. प्रश्न तुमच्या आईचाही आहे.

तर येत्या महिन्यात करायचं ते असं. रेशन कार्ड बघून आईवडिलांचं आयुष्मान कार्ड काढून घ्या. आधार आणि रेशन कार्डावर नावाचं स्पेलिंग वेगळं असेल तर ते आत्ताच दुरुस्त करा, कारण ॲडमिशनच्या वेळी निम्मे लोक तिथेच अडकतात. वडील सत्तरीचे झाले की केंद्राने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या ज्येष्ठांच्या वेगळ्या पाच लाखांच्या संरक्षणाची चौकशी करा. त्यात उत्पन्नाची अट नाही, पण राबवायचं काम राज्याचं असल्याने १०४ वर विचारूनच भरवसा ठेवा. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत दोघांची नावं घाला. दोघांच्या गोळ्या जवळच्या सरकारी केंद्रातून किंवा जनऔषधी दुकानातून सुरू करा, आणि त्या रोज घेतल्या जातात का हे फोनवर विचारा. वर्षातून एकदा वडिलांचे डोळे, लघवीतलं प्रोटीन आणि किडनीसाठी रक्तातलं क्रिएटिनिन तपासा. छातीत दुखलं, तोंड वाकडं झालं किंवा हातपाय लुळा पडला तर पुण्याला तुम्हाला फोन करायच्या आधी १०८ ला फोन करायचा, हे आईला सांगून ठेवा. हार्ट ॲटॅकचं इंजेक्शन जवळ कुठल्या सरकारी दवाखान्यात मिळतं ते आशाताईंना विचारून घ्या आणि तो नंबर मोठ्या अक्षरात लिहून फोनशेजारी भिंतीवर चिकटवा, मराठीत.